वेलीचं तिसरं कडवं

चामराजपेट, बेंगळूरु
१५ जून १९९७

तुंगे,

आशीर्वाद आधी, मग बाकीचं. अक्षर ओळखलं असशील. पाकीट चुलीत घालू नकोस, कामाचं पत्र आहे. आई गेली तेव्हा आपण दोघी एका दारातून आत गेलो आणि एक शब्द बोललो नाही, त्याला आता छत्तीस वर्षं झाली. ते असू दे. मी जुनं उकरायला बसलेली नाही.

आपला सिनेमा सापडला!

'रत्नवेली' सगळा नाही सापडला, एकच रीळ, पण नेमकं गाण्याचं. बेळगावकडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या तंबू टॉकीजच्या सामानात, पत्र्याच्या डब्यात होतं. शोधून काढणाऱ्याचं नाव श्रीरंग. बँकेत नोकरी, पण जीव सगळा जुन्या फिल्मांत. त्यातही वेड एकच. सर्कशीतल्या बोनलेसवाल्या मुलींना तेव्हा सिनेमात घेत, त्या हाडंच नसल्यासारखं अंग मोडत गात, तसली गाणी हा माणूस गावोगाव हिंडून गोळा करतो. चौदा जमवलीत म्हणे. मी म्हटलं, "चौदा? एवढ्या होतो आम्ही?" तर म्हणाले, "होतात की. पण बहुतेकींचं अंग एकीचं आणि गळा दुसरीचा. मोडणारी आणि गाणारी एकच, अशी चारच गाणी. त्यांत तुमचं पहिलं."

माझा पत्ता त्यांना शाल्मलीमुळे लागला. ही पुण्याची मुलगी, माझ्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहते. कॉम्प्युटर कंपनीत आहे. दोन हजार साल उजाडलं की जगातल्या सगळ्या मशीनांच्या तारखा चुकणार आहेत, त्या ही आत्तापासून दुरुस्त करते. पोरगी गुणी आहे, पण मराठी बोलते की इंग्रजी ते तिचं तिलाच कळत नाही. भिंतीवरचा माझा मानेवर पाय ठेवलेला फोटो पाहून म्हणाली, "आजी, हे तुम्ही? सॉलिड!" आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसभर सांगत सुटली. तिथून श्रीरंगांच्या कानावर गेलं.

श्रीरंग आले, वही उघडून बसले. काय काय सांगितलं ते तुला कळवून ठेवते, म्हणजे तुझ्या कानावर वेगळं काही यायला नको. आपले वडील गुंडो मास्तर सर्कशीत बोनलेसचं काम शिकवायचे, हे सांगितलं. एक्केचाळीस साली कोल्हापूरच्या अप्पासाहेबांनी आपला खेळ पाहिला आणि मला सिनेमात घेतलं, मी सोळाची, तू तेराची, तू माझ्याबरोबर असायचीस. अप्पासाहेबांना दुसरीचा गळा लावलेला चालत नव्हता, जी वाकेल तिनंच तिथल्या तिथे गायचं. नंतर मी इथे नाटक कंपनीत आले, 'मिस चंद्रा' म्हणून बारा वर्षं मैसूरपासून हुबळीपर्यंत गाजले, मल्लाप्पांशी लग्न केलं. कंपनी मोडल्यावर परसात मुलींना अंग वळवायला शिकवलं, तीस वर्षं. यात एक अक्षर खोटं नाही.

दहा ऑगस्टला, रविवारी, इथल्या मराठी मंडळात ते गाणं मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत आणि माझा सत्कार करणार आहेत. तू ये म्हणून लिहीत नाही. तू येणार नाहीस हे मला माहीत आहे.

लिहिण्याचं कारण वेगळं. श्रीरंग म्हणाले, "बाई, पहिली दोन कडवी छान आहेत. तसं चार-सहा जणींना जमलं असतं. पण तिसरं कडवं मी तीन गवयांना ऐकवलं. छाती जमिनीला टेकलेली, पाय डोक्यावरून पुढे येऊन हनुवटीसमोर टेकलेले, आणि आवाज असा की मांडी घालून बसल्यासारखा. हे होतच नाही म्हणतात ते. तुम्ही श्वास कुठून घेतलात?"

मी म्हटलं, पुढच्या खेपेला सांगते.

तेव्हा कळव. कुठून घेतला होतास?

चंद्राक्का

•

२ जुलै १९९७

तुंगे,

पंधरा दिवस झाले. गडहिंग्लजला टपाल पोचतं हे मला माहीत आहे.

श्रीरंग दोनदा येऊन गेले. एकदा मी झोपले आहे असं सांगायला लावलं, एकदा खरोखरच दवाखान्यात होते. काळजी नको, पाठ नाही, दात.

त्यांनी गाण्याची कॅसेट करून दिली आहे. शाल्मलीनं व्हीसीआर भाड्यानं आणला आणि आम्ही दोघींनी खोलीचं दार लावून पाहिलं. पडदा पावसासारखा गळतो, पण सगळं दिसतं. पहिल्या कडव्याला मी उभी राहून मागे कमान टाकते आणि हात जमिनीला टेकवून गाते, 'वळ गं वेली, वळ गं, आभाळ उतरे अंगणी'. दुसऱ्याला हातांवर तोललेली, पाय कानांशी. मी चांगली दिसते, तुंगा. नखरा नाही, घाई नाही. बाहत्तराव्या वर्षी स्वतःला असं बघून मला जरासुद्धा लाज वाटली नाही, उलट म्हटलं, अशी होते तर!

मग तिसरं. कॅमेरा लांब जातो. मुलीच्या तोंडावर पानांची जाळी आहे. शाल्मली म्हणाली, "आजी, इथे तुम्ही अगदी लहान दिसता. हाऊ इज इट पॉसिबल?" मी म्हटलं, लांबून माणूस लहानच दिसतं. ती 'हं' म्हणाली आणि पुन्हा मागे नेऊन बघू लागली. मी उठून चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेल्यावर मी चटई घातली. हसू नकोस. तिसऱ्या कडव्यातला विंचू नाही, नुसतं पालथं पडून छाती टेकवून पाय जरा मागे उचलायचा, एवढंच. आणि गायचं. पहिल्या ओळीत गळा बंद. जसा तेव्हा झाला होता तसाच. शेजारच्या गौरक्कांना हाक मारून उठावं लागलं. त्या म्हणाल्या, "स्वल्प वयाचा विचार करा, अक्का." मी म्हटलं, वयाचा संबंध नाही, हे मला सोळाव्या वर्षीही जमलं नाही. त्यांना वाटलं मी चेष्टा करते.

तू उत्तर देत नाहीस ते त्या पत्रावरून, हे मला समजतं. सेहेचाळीस सालच्या. मग तेही बोलून टाकते. तुझं लग्न होऊन तीन महिने झाले होते. पद्माकररावांनी मला लिहिलं की तुंगा म्हणते तिसरं कडवं तिचं आहे, हे खरं का. मी लिहिलं, नाही. शाळामास्तरांचं घर, नवी सून, तिनं सिनेमात उघड्या पाठीनं अंग मोडलं हे कळलं तर काय म्हणतील, असा मी विचार केला. तुझ्या भल्यासाठी लिहिलं. मोठ्या बहिणीला असं करावं लागतं.

कळव लवकर.

चंद्राक्का

•

गडहिंग्लज
९ जुलै १९९७

अक्का, नमस्कार.

दोन्ही पत्रं पोचली. पहिलं फाडलं नाही. दुसरं वाचून फाडणार होते.

माझ्या भल्यासाठी म्हणतेस. यांनी 'रत्नवेली' लग्नाआधी सात वेळा पाहिला होता, निपाणीला सायकलनं जाऊन. मी सांगितलं ती मी आहे, तर आनंदानं वेडे झाले. तुला लिहिलं ते चौकशीसाठी नव्हे, कौतुकानं. सासूबाईंनाही सांगणार होते. तू उत्तरात काय लिहिलंस ते मला अजून पाठ आहे. 'तुंगा तेव्हा माझी शाल धरून कोपऱ्यात उभी होती. लहान आहे, तिला भास होतात.'

भास. अठराव्या वर्षी नव्या घरात मी खोटारडी झाले तर झाले, वर भास होणारीही झाले.

त्यांनी ते वाचलं. पत्र घडी करून ठेवलं. माणूस चांगला आहे, एक्कावन्न वर्षांत मला एका शब्दानं दुखवलं नाही. चार मुलं झाली, नातवंडं झाली. पण त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी गायला सांगितलं नाही. आणि कुणी म्हण म्हटल्याशिवाय मी कशी म्हणणार?

श्वासाचं विचारलंस. मी घेतलाच नव्हता. तू वळताना श्वास सोडायचीस, बाबांनी तसंच शिकवलं होतं. मी वळायच्या आधी भरून घेतला आणि चारही ओळी त्याच्यावरच म्हटल्या. तुझ्या तालमी बघताना कोपऱ्यात उभी राहून हे माझं मला सुचलं होतं. तुला सांगितलंही होतं, तू म्हणालीस मध्ये बोलू नकोस.

सत्काराचं तुझं तू बघ. सभेत माझं नाव घेतलंस काय, न घेतलंस काय, बेंगळूरात मला कोण ओळखतं? काही करायचंच असेल तर ज्यांना लिहिलं होतंस त्यांना लिही. ते सत्याहत्तरचे आहेत. वाचता येतं. चष्म्याशिवाय.

तुंगा

•

चामराजपेट
२० जुलै १९९७

तुंगे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. 'भास' हा शब्द मी विसरले होते. तो मी लिहिला हे मला मान्य आहे.

आता रागावायचंच आहे तर पुढचंही ऐकून रागाव. तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी श्रीरंग आले. मी त्यांना सांगितलं, श्वास घेतलाच नव्हता, वळायच्या आधी भरला होता. ते उठून उभेच राहिले. "हे कुठल्याच पुस्तकात नाही!" म्हणाले, आणि वहीत लिहून घेतलं. खाली माझं नाव घातलं. मी समोर बसून बघत होते. अक्षर सुंदर आहे त्यांचं.

ते गेल्यावर तुझं पत्र पुन्हा काढलं. तू तीन आठवडे गप्प राहिलीस आणि मग मी विचारलं तेवढं मोकळेपणानं सांगितलंस. मी ते एक तासही स्वतःजवळ ठेवू शकले नाही.

पद्माकररावांना लिहायला तीन वेळा बसले. 'पत्रास कारण की' इथवर जाते आणि पेन थांबतं. शाल्मली म्हणाली, "आजी, फोन करा ना, एसटीडी बूथ आहे कोपऱ्यावर." मी म्हटलं, जे पत्रानं केलं ते पत्रानंच निस्तरायला हवं. बोलायला बरं वाटलं. लिहून मात्र झालं नाही.

भल्यासाठी लिहिलं हेही खोटं, तुला ते माहीतच होतं. खरं कारण सांगते. पद्माकररावांच्या पत्रात एक वाक्य होतं, 'पहिली दोन कडवी ही तयारी आहे, गाणं तिसऱ्यातच आहे.' मी तेव्हा रोज रात्री इथे नाटकात त्या दोन कडव्यांवर टाळ्या घेत होते. लोक तिसरं मागायचे, मी डॉक्टरांनी मना केलंय म्हणायची. मी त्यांना खरं लिहिलं असतं तर माझं काय बिघडणार होतं? काहीच नाही. गडहिंग्लजच्या एका मास्तरांना कळलं असतं, बस. तेवढंही मला सोसलं नाही.

दहा ऑगस्टला काय करायचं ते माझं ठरलं आहे. तू सांगितलंस सभेचा उपयोग नाही. असू दे. मी सांगणार.

चंद्राक्का

•

११ ऑगस्ट १९९७

तुंगे,

झालं सगळं. क्रमानं सांगते.

मी हिरवी इरकल नेसले. शाल्मलीनं रिक्षा आणली, रिक्षावाल्याला सांगितलं की आजी सिनेमातल्या आहेत, तर त्यानं वळून वळून इतकं पाहिलं की मीच ओरडले, "मुंदे नोडप्पा, पुढे बघ!" मंडळाचा हॉल भरला होता, मागे उभे होते. म्हातारे कमी, शाल्मलीसारखी पुण्या-मुंबईची पोरंच जास्त. पहिल्या रांगेत अध्यक्ष हयवदनराव, त्यांच्या मांडीवर सत्काराची शाल.

दिवे गेले, गाणं लागलं. माझ्या पहिल्या कमानीला टाळ्या पडल्या. दुसऱ्या कडव्याला शिट्टीही वाजली. मग तिसरं सुरू झालं. एवढ्या गर्दीत मशीनची घरघर तेवढी ऐकू येत होती आणि तू. मोठ्या पडद्यावर पानांच्या जाळीतून तुझे डोळे दिसतात. मला हे माहीत नव्हतं. तू गाताना माझ्याकडे बघत होतीस, तुंगा, कॅमेऱ्याकडे नाही. मी तिथे डावीकडे उभी होते.

संपल्यावर लोक उठून उभे राहिले. मला वर नेलं. हयवदनराव शाल उलगडायला लागले. मी म्हटलं, "थांबा, आधी बोलते." माईक हातात घेतला. माझा आवाज अजून मागच्या भिंतीपर्यंत जातो, माईक नसता तरी चाललं असतं.

मी म्हटलं, "पहिली दोन कडवी माझी आहेत. तिसरं माझं नाही. ज्याच्यासाठी तुम्ही उभे राहिलात ते माझी धाकटी बहीण तुंगा हिचं आहे. ती तेरा वर्षांची होती. मी छप्पन्न वर्षं ते माझं म्हणून सांगितलं. ती गडहिंग्लजला असते, तिचं आडनाव कुलकर्णी. लिहून घ्या."

 हयवदनरावांना शाल पुढे करावी की मागे घ्यावी कळेना. ते हळूच म्हणाले, "बाई, मग हे आता..." मी म्हटलं, "द्या इकडे. दोन कडवी माझीच आहेत." आणि शाल घेतली. तेव्हा कुठे लोक हसले, आणि मग जे टाळ्या वाजवायला लागले ते थांबेनात.

श्रीरंग मात्र हसले नाहीत. बाहेर मला गाठून म्हणाले, "तुम्ही मला फसवलंत. मी हे दिल्लीच्या एका सिनेमा-मासिकात छापायला पाठवणार होतो." मी म्हटलं, "फसवलं. आता खरं छापा." त्यांनी तिथेच, चपलांच्या ढिगाशेजारी उभ्यानं वही काढली, माझं नाव खोडलं आणि तुझं लिहिलं. ओळ खोडताना कागद फाटला एवढा राग होता. मग त्यांचा राग कुठे गेला कोण जाणे, विचारतात, "त्या हयात आहेत? गातात अजून?" मी म्हटलं, ते मला विचारू नका.

घरी आल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. तू म्हणालीस तेच खरं. आज सकाळी दात घासून बसले आणि एका दमात पद्माकररावांना लिहिलं. ते पत्र वेगळं पाठवते आहे, त्यांच्या नावानं. तू आधी फोडू नकोस.

चंद्राक्का

•

११ ऑगस्ट १९९७

श्री. पद्माकरराव यांस,

मी चंद्रा, तुंगाची मोठी बहीण. तुम्ही १९४६ साली मला एक प्रश्न विचारला होता. मी त्याचं खोटं उत्तर दिलं. हे खरं उत्तर.

'रत्नवेली'तलं तिसरं कडवं तुंगानं म्हटलं आणि तिनंच केलं. त्या दिवशी काय झालं ते सांगते, म्हणजे तुम्हाला शंका राहणार नाही.

लढाईचे दिवस होते, कच्ची फिल्म मिळत नव्हती. अप्पासाहेबांकडे शेवटचे दोन डबे उरले होते. पहिली दोन कडवी सकाळी झाली. तिसऱ्याला मला विंचू करून गायचं होतं. माझं अंग वळलं, पण आवाज फुटेना. एकदा नाही, अकरा वेळा. दर वेळी पहिली ओळ अर्धी, की गळा बंद. अप्पासाहेब ओरडले नाहीत, नुसते डोकं धरून खुर्चीत बसले. आमचे वडील माझ्याकडे बघेनात. फिल्म संपत आली होती.

तेव्हा तुंगा कोपऱ्यातून म्हणाली, "मी करू?"

अप्पासाहेब म्हणाले, "पोरी, तुला येतं?" ती म्हणाली, "अक्काचं बघून येतं." माझा पोशाख तिला ढगळ झाला, तो मागून टाक्यांनी आवळला. चेहरा वेगळा दिसू नये म्हणून पानांची जाळी बांधली आणि कॅमेरा लांब नेला. टाके मी घातले. जाळीही मीच बांधली. बांधताना मी तिला म्हटलं, "जमणार नाही तुला." तिनं मान हलवली नाही, कारण ती श्वास भरत होती. हे मला आत्ता, महिन्याभरापूर्वी समजलं.

एका खेपेत झालं. शेवटची ओळ संपली तेव्हा मायक्रोफोन धरणारा माणूस रडत होता. अप्पासाहेबांनी तिला उचलून घेतलं. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांवर नाव मात्र माझंच गेलं, कारण त्या आधीच छापून झाल्या होत्या. तुंगानं कधी तक्रार केली नाही. फक्त एका माणसाला तिनं हे सांगितलं, आणि त्या माणसाला मी लिहिलं की तिला भास होतात.

तिला भास होत नव्हते. मत्सर मला होता. तुम्ही लिहिलं होतं की गाणं तिसऱ्या कडव्यातच आहे. ते बरोबर होतं.

तुमची क्षमा मागत नाही, कारण तुमचं मी काय बिघडवलं ते मला पुरतं माहीत नाही. तिचं काय बिघडवलं ते माहीत आहे. ती गाते. तिला विचारा.

चंद्राबाई

•

गडहिंग्लज
२६ ऑगस्ट १९९७

अक्का,

तुझं पत्र यांना मागच्या सोमवारी पोचलं. ओसरीवर बसून वाचलं, मी आत भाकरी करत होते. आत येऊन म्हणाले, "तुझ्या अक्कानं खरं लिहिलं आहे." मी म्हटलं, "मग?" तर म्हणतात, "मला माहीत होतं."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तवा खाली उतरवला. "कधीपासून?"

म्हणाले, "थोरला झाला तेव्हापासून. तू पाळण्यावर ओणवी होऊन अंगाई म्हणायचीस. अख्खं कडवं, मध्ये कुठे श्वास नाही. मी सात वेळा सिनेमा पाहिलेला माणूस. त्याच रात्री ओळखलं."

थोरला आता एकोणपन्नास वर्षांचा आहे, अक्का.

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?" तर म्हणाले, "तुला त्या पत्रानं फार लागलं होतं. पुन्हा विषय काढून जखमेवरची खपली कशाला काढा, असं वाटलं." मी म्हटलं, "जखम कुठली? ते गाणं होतं. तुम्ही एकदा म्हण म्हटलं असतंत तर मी म्हटलं असतं." त्यांनी तवा पुन्हा चुलीवर ठेवला. मग म्हणाले, "आता म्हणतेस?"

मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा यांना नाही म्हटलं आणि भाकरी त्यांच्यासमोर ठेवून शेजारी सुशीलाकडे जाऊन बसले. आज आठ दिवस झाले, मी त्यांच्याशी बोलत नाही. ते फार गरीब तोंड करून हिंडतात. काल चहा स्वतः केला, साखरेऐवजी मीठ घातलं आणि तसाच प्यायले. मला हसू आलं पण मी हसले नाही.

तुझ्यावर मी एक्कावन्न वर्षं रागावले. तू निदान खोटं तरी बोललीस. हे खरं माहीत असून गप्प बसले, आणि वर त्याला माया म्हणतात. आता तुझ्यावरचा सगळा राग उचलून त्यांच्यावर ठेवला आहे. दोन ठिकाणी ठेवायला माझ्यात ताकद नाही. सगळा निवेल तेव्हा निवेल.

धाकट्यानं तुझ्या श्रीरंगांचं पत्र मला वाचून दाखवलं. ते टेप घेऊन इकडे यायचं म्हणतात. त्यांना सांग, इकडे येऊ नका. मी तिकडे येते. यांच्यासमोर म्हणायचं की नाही ते मी नंतर ठरवीन, आधी तुझ्यासमोर म्हणणार आहे, आणि तू मध्ये बोलायचं नाहीस.

पुढच्या गुरुवारी रात्रीच्या गाडीत धाकटा मला बसवून देतो आहे. शुक्रवारी सकाळी कलासिपाळ्यच्या बस स्टँडवर उतरेन. यांनी विचारलं, परत कधी?  मी उठून त्यांच्या सगळ्या सदऱ्यांची बटणं बघितली, दोन तुटली होती ती लावली. तेवढं करून येते.

स्टँडवर तू स्वतः ये, त्या मुलीला पाठवू नकोस. मी निळ्या पातळात असेन, बारीक झाले आहे, केस सगळे पिकले आहेत. तू ओळखलं नाहीस तर मी हाक मारीन.

तुंगा